शेपटीचा यू

घाटकोपर (पूर्व),
रविवार, दुपार

ती. भीमराज मामांना संघमित्राचा सविनय जयभीम.

मामा, बरोबर टाइप केलेलं चूक कसं होतं? तुमच्या आंतरदेशीय पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्ही हा प्रश्न विचारलात (त्याखालची दोन पानं मामींच्या गुडघ्याने आणि वसमतच्या फुटलेल्या पाइपलाइनने व्यापली होती). प्रामाणिकपणे सांगते, मला त्याचं उत्तर देता येत नाही. मी बी.एस्सी. आहे, आपल्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर आहे, माझ्या अभिनंदनाचा फलक कॉलनीच्या कमानीवर महिनाभर होता (त्यावर माझा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि शुभेच्छुकांचे बारा फोटो माणसाएवढे होते), तरीही येत नाही. आईने तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. "पोरीनं लिवलं बरोबर, पर हाफिसात ते चूक निघालं" एवढंच सांगितलं असणार. ती मोजकं बोलते आणि नेमकं नको तेवढंच बोलते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. तुम्हीच मला शिकवलंत की तोंडी बोललेलं कचेरीत चालत नाही.

आम्ही इथे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द मी आमच्या डॉक्टरांच्या 'प्रकृती स्थिर' या शब्दासारखा वापरते आहे, म्हणजे सुधारणा नाही पण माणूस आहे. आईची नर्सिंग होममधली आयाची नोकरी चालू आहे. मामींच्या गुडघ्याबद्दल मी आमच्या एका हाडांच्या डॉक्टरांचं मत लिहून पाठवलं असतं, पण ते ज्या गुडघ्याबद्दल बोलतात तो ऑस्ट्रेलियातला गुडघा असतो. त्याला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि पाणी तर मुळीच भरावं लागत नाही. तरी मामींना सांगा, शेक द्या आणि जमिनीवर बसून भाकऱ्या थापू नका.

आता माझ्या कामाबद्दल. तुम्ही वसमतमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी डॉक्टरांच्या खात्यात आहे. यात खातं कुठलंच नाही आणि मी डॉक्टर एकदाही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका गावच्या हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलतात. तो आवाज मुलुंडला आमच्या गाळ्यात येतो. आम्ही कानाला हेडफोन लावून ते बोलणं टाइप करतो आणि तो रिपोर्ट परत तिकडे जातो. तिकडचा दिवस आपल्या आधी उगवतो, म्हणून आम्ही सकाळी सहाला हजर असतो. (एक डॉक्टर बोलताना सतत काहीतरी कुरकुरीत खातात. मूत्रपिंडाचा आजार आणि बिस्किट यांतला फरक ओळखायला मला दोन महिने लागले.) गाळा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. खालच्या मजल्यावर रबराची वायसरं बनतात, त्यामुळे आमच्या वैद्यकीय क्षेत्राला जळक्या टायरचा वास येतो. रुजू झाले त्या दिवशी मी मॉनिटरवर एक चिठ्ठी डकवली होती: 'प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे.' आठवड्याने आमच्या सुबोध सरांनी (हे मालकही आहेत, मॅनेजरही आहेत आणि एसी बंद पडला तर मेकॅनिकही आहेत) त्याखाली दुसरी चिठ्ठी लावली: 'दिवसाला हजार ओळी.' दोन्ही चिठ्ठ्या मी ठेवल्या. मला वाटायचं, दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मामा, तुमच्या टाइपरायटरला वय होतं, पण व्हर्जन नव्हतं. तुम्ही टाइप केलेला कागद तहसीलदाराने वाचला, तलाठ्याने वाचला किंवा गाढवाने खाल्ला तरी अक्षर तेच राहायचं. आमच्याकडे तसं नाही. आमच्या गाळ्यात नऊ कॉम्प्युटर आहेत आणि ते एकत्र कुटुंबासारखे राहतात, म्हणजे कोणाचं कोणाशी पटत नाही. दोघांत टायपिंगचा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वीचा, सहांत मधल्या काळातला आणि सरांच्या लॅपटॉपवर अगदी नवा. नव्याने केलेलं जुन्याला उघडत नाही. जुन्याने केलेलं नवा उघडतो, पण फाइलच्या डोक्यावर कंस करून लिहितो: 'कम्पॅटिबिलिटी मोड'. म्हणजे जमवून घेण्याची अवस्था. आपल्या घरात ती अवस्था आईने बाबांबरोबर तेवीस वर्षं चालवली, पण तिच्या डोक्यावर कोणी कंस करून लिहिलं नाही. शिवाय हॉस्पिटलचा छापील नमुना इतका जुना आहे की त्यातली कोष्टकं एका व्हर्जनमधून दुसऱ्यात गेली की एक घर खाली सरकतात. एका आजोबांचं वजन बहात्तर किलो होतं. ते सरकून अपत्यांच्या रकान्यात गेलं. बहात्तर मुलांचा बाप, वजन काही नाही, असा रिपोर्ट तयार झाला. ती चूक मी पकडली तेव्हा सगळा गाळा हसला आणि सरांनी मला समोसा दिला. नवा प्रोग्राम सगळीकडे एकसारखा घ्या असं मी तेव्हाच म्हणाले होते. सर म्हणाले, "अगं, जमवून घ्यायचं." मी समोसा खाल्ला. तो खायला नको होता असं आता वाटतं.

आता त्या चुकीकडे येते. औषधांच्या मापात मायक्रोग्रॅम नावाचं माप असतं. हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. मायक्रोची खूण म्हणजे एक ग्रीक अक्षर, इंग्रजी यूसारखं, डाव्या बाजूने खाली शेपूट आलेलं. आम्ही मुली त्याला शेपटीचा यू म्हणतो. मिलीची खूण साधा एम. शेपटीचा यू कीबोर्डवर नसतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या दर्शना मॅडमनी एक शॉर्टकट बनवून ठेवला होता. यू आणि जी ही दोन अक्षरं टाइप करून स्पेस दाबला की शेपटीच्या यूसकट मायक्रोग्रॅम आपोआप उमटायचं. आम्ही सगळ्या तोच वापरायचो. हजार ओळी गाठायच्या तर बोटं वाचवावी लागतात.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मला मेल आली. आमच्या रिपोर्टांची तपासणी करणाऱ्या दिशा मॅडम कांदिवलीला असतात, मार्चपासून घरूनच काम करतात. हॉस्पिटलने परत पाठवलेला एक रिपोर्ट जोडून त्यांनी माझ्या नावावर गंभीर चूक लावली होती. आमच्याकडे चुकांच्या जाती आहेत (तुम्ही म्हणाल, तिथेही?). स्वल्पविराम राहिला तर किरकोळ, औषधाचं माप चुकलं तर गंभीर. तीन गंभीर झाल्या की घरी. एका बाईंचं हृदयाच्या ठोक्यांचं औषध डॉक्टरांनी सव्वाशे मायक्रोग्रॅम सांगितलं होतं. रिपोर्टात सव्वाशे मिलिग्रॅम आलं होतं. सव्वाशे मायक्रोग्रॅम म्हणजे अर्धी गोळी. सव्वाशे मिलिग्रॅम म्हणजे पाचशे गोळ्या, रोज सकाळी, नाश्त्यानंतर.

मी आवाज पुन्हा ऐकला. डॉक्टर स्वच्छ मायक्रोग्रॅम म्हणत होते (हे बिस्किटवाले नव्हेत). मी माझी मूळ फाइल उघडली. शेपटीचा यू जागच्या जागी, शेपटी दिमाखात खाली सोडलेली. मी स्क्रीनचा फोटो काढला आणि सरांकडे नेला. सरांनी तो पाहिला, मग दिशा मॅडमनी पाठवलेली फाइल पाहिली आणि मला शांतपणे समजावलं, "हे बघ, मॅडमच्या स्क्रीनवर एम, हॉस्पिटलच्या स्क्रीनवर एम, माझ्या स्क्रीनवर एम. तुझ्या एकटीच्या स्क्रीनवर यू. आता तूच सांग, लोकशाहीत कोणाचं धरायचं?"

मामा, मी लहानपणापासून राज्यघटनेची उद्देशिका पाठ म्हणत आले आहे, पण लोकशाहीचा हा अर्थ मला नवीन होता.

शोध मी जेवणाच्या सुट्टीत लावला. मदतीला शेजारच्या खुर्चीवरची श्रुतिका होती. ही मूळची मालवणकडची. तिचे आजोबा गिरणीत होते, वडील घरी आहेत, आणि घरात कमावणारी ही एकटी. तिच्या जुनाट कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडली तर यू. दिशा मॅडमकडून परत आलेली फाइल उघडली तर एम. मग मी सहज, नुसतं बघू या म्हणून, माझ्याच फाइलमधल्या त्या शेपटीच्या यूवर क्लिक करून त्याचा फॉन्ट बदलून साधा केला. आणि मामा, तो माझ्या डोळ्यांदेखत एम झाला.

म्हणजे तो यू कधी यू नव्हताच. आतून तो साधा एमच होता, आपल्या रोजच्यातला. दर्शना मॅडमच्या शॉर्टकटने त्याला फक्त ग्रीक कपडे घातले होते. जोवर कपडे अंगावर, तोवर तो मायक्रो. जिथे ते कपडे मिळत नाहीत तिथे तो उघडा मिली. दिशा मॅडम पूर्वी ऑफिसात बसायच्या तेव्हा काही बिघडत नव्हतं. मार्चमध्ये त्यांना घरी बसवलं आणि प्रोग्राम द्यायच्या ऐवजी "जमवून घ्या" सांगितलं. त्यांनी एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. प्रत्येक रिपोर्ट त्या त्यात उघडतात, हॉस्पिटलला हव्या त्या जुन्या प्रकारात सेव्ह करतात आणि पुढे पाठवतात. या उघडण्या-मिटण्यात कपडे गळून पडतात. दहातला एकच रिपोर्ट त्या वाचतात, बाकीचे नऊ नुसते जातात. (दिशा मॅडमना मी दोष देत नाही. मी फोन केला तेव्हा त्या एका हाताने लेकाला भरवत होत्या. सगळं ऐकून त्या इतकंच म्हणाल्या, "अगं, मग मी कितीतरी तसेच पाठवलेत गं.")

श्रुतिका आधी हसली. "अगो बाय, येवढं बीएस्सी करून तू कपडे बदलूचा काम करतंस!" मग मी पुढचं वाक्य बोलले आणि तिचं हसणं थांबलं. पुढचं वाक्य असं होतं की मार्चपासून आपण सगळ्यांनी हाच शॉर्टकट वापरलाय.

पुढचे चार दिवस आम्ही दोघी डबा खाताखाता जुन्या फाइली शोधत होतो. ज्या ज्या रिपोर्टात मायक्रोग्रॅम होतं तो तो रिपोर्ट एम होऊन गेला होता. एकशे तेरा. त्यात थायरॉइडच्या गोळ्या होत्या, दम्याचे पंप होते, आणि चौदा जणांचं औषध सलाईनमधून किंवा इंजेक्शनने द्यायचं होतं. त्या चौदांपाशी मी थांबले. घरी आईला विचारलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, औषधं ती बाटलीच्या रंगावरून आणि झाकणावरून ओळखते, पण वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळ्या हजार लिवल्या तर कुणीबी हसंल. मोजता येत्यात. सलाईनीत काय सोडलं ते कुणाला दिसतंय? पाणी ते पाणीच." आणि मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी सोडून आले आहे. बहुधा त्याच रात्री तिने तुम्हाला फोन केला.

मी एकशे तेरांची यादी छापून सरांच्या टेबलावर ठेवली. मामा, मला खरंच वाटलं होतं की ते दचकतील. त्यांनी यादी पालथी घातली आणि त्यावर चहाचा कप ठेवला. वाईट माणूस नाही तो. आजारी पडलं तर रजा देतो, दिवाळीला सगळ्यांना उटणं देतो. पण त्याच्याकडे एक वाक्य आहे आणि तो त्या वाक्यावर जगतो: पुढचा बघेल. "अगं, तिकडे नर्स आहे, फार्मासिस्ट आहे, डॉक्टर स्वतः सही करतात. येडे आहेत का ते? पुढचा बघेल ना. तू ना, उगाच लोड घेतेस." मी म्हणाले, सर, आपण ज्यांचे पुढचे आहोत त्या डॉक्टरांनाही असंच वाटत असेल. यावर ते म्हणाले, "तू टायपिस्ट आहेस, तत्त्वज्ञ नाहीस." हे मात्र खरं आहे. तत्त्वज्ञांना दिवसाला हजार ओळी लिहाव्या लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस लागली: 'आजपासून यू-जीचा शॉर्टकट बंद. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण टाइप करावा.' खाली कारण दिलेलं नव्हतं. मला आनंद झाला. फक्त तासभर. मग सरांनी मला आत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. हॉस्पिटलला त्या बाईंच्या रिपोर्टाबद्दल खुलासा हवा होता. (हो, तो एक रिपोर्ट तिकडे कोणीतरी वाचला होता. बाईंना औषध देण्याआधी वाचला की दिल्यानंतर, हे मी तीनदा विचारलं. मला ते अजून कळलेलं नाही आणि आता कळेल असं वाटत नाही.) कागदावर इंग्रजीत छापलं होतं. चुकीचं मूळ कारण: मानवी चूक. जबाबदार व्यक्ती: मी. केलेली उपाययोजना: कर्मचाऱ्याचं समुपदेशन करण्यात आलं. मी विचारलं, समुपदेशन कधी झालं? सर म्हणाले, "हे काय, चालू आहे ना. चहा घेणार?"

म्हणजे भिंतीवर लिहिलेलं एक कारण आणि कागदावर लिहिलेलं दुसरं. भिंतीला माहीत आहे की शॉर्टकट दोषी आहे, पण भिंत हॉस्पिटलला दिसत नाही. मी सही केली तर तो एक रिपोर्ट दुरुस्त होईल, माझ्या नावावर एक गंभीर चूक राहील, नोकरी राहील आणि उरलेले एकशे बारा रिपोर्ट तसेच हॉस्पिटलच्या कपाटात राहतील. पुढच्या वेळी ते पेशंट आले की कोणीतरी जुना कागद काढून त्यावरून औषध चालू ठेवेल. नाही सही केली आणि खरं सांगितलं तर हॉस्पिटल काम काढून घेईल, असं सर म्हणतात. आमच्याकडे हॉस्पिटल एकच आहे. नऊ जणी घरी बसतील. हे त्यांनी मला ओरडून सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी हळू आवाजात, दार लावून सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि एसी चालू होता.

बाहेर आल्यावर श्रुतिकाने मला जिन्यात गाठलं. "सही कर नि मोकळी हो, संघमित्रा. तुका काय, तू कायपण करशील, स्पर्धा परीक्षा देशील. मी खय जाऊ? माझ्या बापाशीक आठवड्यात दोनदा डायलिसिसाक मी नेतंय." तिच्या बाबांच्या कागदांवरही कोणीतरी माप टाइप करत असेल, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. एवढं खरं माणसाने मैत्रिणीला जिन्यात उभं राहून सांगू नये.

मामा, लहानपणी मी सुट्टीत वसमतला यायचे तेव्हा तुम्ही कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसायचात आणि मला पाटीऐवजी बाद झालेले कागद द्यायचात. धोंडू काकांची गोष्ट तुम्ही सांगत नसलात तरी सगळी कचेरी सांगायची. वारसाच्या अर्जात तुम्हाला 'धोंडू, हयात' टाइप करायचं होतं आणि बोट घसरून 'धोंडू, मयत' झालं. धोंडू काका कारकुनासमोर स्वतः उभे राहिले, तर कारकून कागद दाखवून म्हणाला, तुम्ही वारलात. काका बिचारे घाबरून गावी निघून गेले. तुम्हाला संध्याकाळी कळलं. तुम्ही टाइपरायटर सायकलच्या कॅरियरला बांधलात, अकरा किलोमीटर सायकल मारलीत, त्यांच्या ओट्यावर बसून नवा अर्ज टाइप केलात आणि अंगठा घेऊन आलात. सगळे हसले, पण काका पुढे वीस वर्षं हयात राहिले. मला त्या गोष्टीत आता एक वेगळीच गंमत दिसते. तुमची चूक तुमची होती, तिला पत्ता होता आणि तो अकरा किलोमीटरवर होता. माझ्या चुकीत मी आहे, दर्शना मॅडम आहेत, दिशा मॅडमचा फुकटचा प्रोग्राम आहे, सरांचं जमवून घेणं आहे, मी खाल्लेला तो समोसा आहे, आणि कागदावर नाव फक्त माझं आहे.

तुम्ही चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेत, माफीनामेही लिहिलेत. म्हणून तुमचा सल्ला हवा आहे. अशा कागदावर सही करावी का? करायची तर खाली 'मान्य नाही, तरी सही' असं काही लिहिता येतं का? आणि नऊ जणींच्या पोटावर पाय न देता एकशे तेरा माणसांना खरं सांगायचं, असा एखादा मसुदा असतो का? असला तर कृपया पाठवा. तुमच्याकडे सगळ्या प्रकारचे मसुदे असायचे.

मामींना, आजीला जयभीम. पाइपलाइन जोडली का ते कळवा.

तुमची भाची,
संघमित्रा

ता. क. हे पत्र मुद्दाम हाताने लिहिलं आहे. कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून मिळालं असतं, पण वसमतला पोचेपर्यंत त्यातल्या कशाकशाचं काय झालं असतं, कोण जाणे.

ता. क. २. तुमच्या पत्राच्या डिंक लावायच्या पट्टीवर, अगदी बारीक अक्षरात, तुम्ही आणखी एक विचारलं होतंत: आपल्या प्रितमला तुझ्या कंपनीत लावता येईल का? मामा, लेकासाठी विचारलेला तो पट्टीवरचा प्रश्नच खरा होता, हे मला कळलं. जागा झाली आहे. खिडकीजवळची, पंख्याखालची, शुक्रवारपासून रिकामी. मॉनिटरवर दोन चिठ्ठ्या होत्या, त्यातली वरची मी काढून आणली आहे. पण त्याला पाठवू नका. कंपनी किती दिवस राहील हे सांगता येत नाही.

ता. क. ३. माझी खुर्ची रिकामी झाल्याचं आईला सांगितलेलं नाही. मी अजूनही पहाटे पाचला डबा घेऊन निघते आणि मुलुंडच्या वाचनालयाच्या पायरीवर ते उघडेपर्यंत बसते. या पत्राचं खरं काम एवढंच आहे: येत्या शनिवारी आईचा फोन येईल तेव्हा तुम्ही तिला सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ती ऐकते. आधी सलाईनची चौदा माणसं सांगा आणि मग माझी नोकरी. उलट क्रमाने सांगू नका.

ता. क. ४. वर मागितलेला सल्ला पाठवला नाहीत तरी चालेल. तो मी उशिरा मागितला. आमच्या प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ आपोआप छापून येते: या कागदात काही चूक आढळल्यास खालील पत्त्यावर कळवावे. ती मी दोन वर्षं रोज पाहिली होती, वाचली बुधवारी. गुरुवारी सकाळी, शिफ्ट चालू असताना, सगळ्यांसमोर, मी त्या पत्त्यावर एकशे तेरा रिपोर्टांची यादी पाठवली. पेशंटांची नावं घातली नाहीत, फक्त रिपोर्टचे क्रमांक. चोरून केलं नाही, सुबोध सरांना त्याची प्रत गेली. त्यांच्या कागदावर मी सही केली नाही. हॉस्पिटलकडून लगेच उत्तर आलं, पण ते यंत्राचं होतं: आपला संदेश मिळाला, दहा कामाच्या दिवसांत संपर्क साधू. श्रुतिका आता माझ्याशी बोलत नाही. पण यादी करताना क्रमांक तिनेच वाचून दाखवले होते, एकेक क्रमांक आणि एकेक शिवी. मी ऐकून टाइप करत होते. प्रत्येक क्रमांकापुढे डॉक्टरांनी सांगितलेलं खरं माप लिहिलं आणि मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण टाइप केला, एकशे तेरा वेळा, एकही शॉर्टकट न वापरता.